थारचा पुढचा स्वे बार ट्रेलवर सोडावा का? डिस्कनेक्ट घेण्याआधी काय तपासायचं?

खडकवाट

गाडी २०२१ ची थार, डिझेल, मॅन्युअल, हार्डटॉप. मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे (एक चाक जास्त फिरायला लागलं की दोन्ही मागची चाकं आपोआप एकत्र जोडणारं लॉक). टायर २५५/६५ आर१८, ऑल-टेरेन. पुढे-मागे स्पेसर (उंची वाढवणारे ठोकळे) टाकून चाकाशी ४० मिमी उंची वाढवलेली आहे. आठवडाभर पुण्यात रोजचा वापर आणि सुट्टीला मुळशी-ताम्हिणी पट्ट्यातले ओढे, कातळ, पावसाळ्यात उकरलेल्या मातीच्या वाटा.

अडचण अशी की तिरप्या खड्ड्यात पुढचं एक चाक आणि समोरच्या कर्णावरचं मागचं चाक फार लवकर हलकं होतं. लॉक लागेपर्यंत मागचं चाक गरगर फिरतं, मग झटक्याने गाडी पुढे जाते. ग्रुपमधल्या जीप रॅंग्लरवाल्यांचं म्हणणं की पुढच्या स्वे बारला (अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना लिंकने जोडलेला, गाडी कलू न देणारा दांडा) क्विक डिस्कनेक्ट लिंक, म्हणजे पटकन सोडता येणारी लिंक लाव, फरक जाणवेल. थारला याचा खरंच उपयोग होतो का? बार सोडल्यावर ब्रेकचे पाइप, शॉकअप यांना काही होतं का? आणि ट्रेलवरून घरी येताना बार सुटाच ठेवला तर चालेल का?

शिवाय मित्राच्या रुबिकॉनचं (रॅंग्लरचाच एक प्रकार) स्वे बारचं बटण दाबलं की दिवा नुसता लुकलुकत राहतो. त्याचंही कोणाला माहीत असेल तर सांगा.

---

पाना_सतरा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. डांबरी रस्त्यावर बार सुटा ठेवून यायचं नाही, घाटातून तर नाहीच. कारण खाली देतो.

आता मूळ मुद्दा. चाक खाली लटकायचं थांबतं ते कोणत्या तरी एका गोष्टीमुळे. तो बार असू शकतो, पूर्ण ताणलेला शॉकअप असू शकतो, आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांचे, बुश (सांध्यातली रबरं) असू शकतात किंवा ड्राइव्ह शाफ्टचा सांधा. यातली पहिली अडवणारी गोष्ट बार असेल तरच डिस्कनेक्टचे पैसे वसूल. शॉकअप आधीच संपत असेल तर बार सोडून हाती काही लागत नाही.

रॅंग्लरला पुढे अखंड ॲक्सल आहे, पाच लिंक आणि कॉइल. एक चाक वर गेलं की अख्खा ॲक्सल तिरका होतो आणि दुसरं चाक आपोआप खाली ढकललं जातं. तिथे मुख्य अडसर बारच असतो, म्हणून सोडल्याबरोबर गाडी वेगळी वाटते. थारला पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र, आणि अखंड ॲक्सल फक्त मागे, मल्टीलिंकवर. पुढच्या चाकाची एकूण हालचाल विशबोन आणि शॉकअपने ठरवलेली आहे. बार सोडल्याने ती वाढत नाही, आहे तेवढी वापरणं सोपं होतं, इतकंच.

तुमच्या बाबतीत मला पहिला संशय स्पेसरवर आहे. स्पेसर शॉकअपची लांबी वाढवत नाही, गाडी फक्त वर उचलतो. समजा पुढच्या चाकाला सपाटीवरून खाली लटकायला ९० मिमी जागा होती. चाकाशी ४० मिमी उंची वाढवली की उरले ५०. बाकीची हालचाल वरच्या बाजूला गेली. खड्ड्यात चाक त्या ५० मिमीनंतर हवेतच राहणार, बार असो वा नसो.

म्हणून लिंक विकत घेण्याआधी मोजा. अर्धा दिवस पुरतो.

सपाट काँक्रीटवर गाडी उभी करा, टाकी आणि सामान नेहमीसारखं. चारही चाकांपाशी हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून घ्या. मग उजवं पुढचं चाक भक्कम रॅम्पवर हळूहळू चढवा, डाव्या पुढच्या किंवा उजव्या मागच्या चाकाखालून जाड पुठ्ठा सहज सरकेपर्यंत. तिथे थांबून चारही मापं पुन्हा घ्या. आता गाडी खाली आणून दोन्ही बाजूंच्या लिंक काढा, बार वर फिरवून बांधा आणि हेच परत करा. बांधायला जागा नसेल तर बार चेसिसला धरणाऱ्या डी-बुशचे क्लॅम्प उघडून दांडाच बाहेर घ्या. एकाच बाजूची लिंक काढून चाचणी करू नका. जोडलेल्या चाकाबरोबर बार फिरतो आणि सुटा हात टायरला किंवा ब्रेकच्या पाइपला जाऊन लागतो.

तिसरं माप: चेसिसखाली स्टँड लावून पुढची दोन्ही चाकं मोकळी लटकवा. ही तुमच्या शॉकअपची शेवटची मर्यादा.

बार सुटल्यावर लटकणारं चाक ३०–४० मिमी जास्त खाली गेलं तर डिस्कनेक्टचा विचार करा. १० मिमीने गेलं तर पैसे दुसरीकडे लावा. रॅम्प २० अंशांचा मिळाला तर आरटीआय (रॅम्प ट्रॅव्हल इंडेक्स, चाकांच्या हालचालीचं माप) आकडाही निघतो: चढलेलं अंतर भागिले व्हीलबेस, गुणिले १०००. थारचा व्हीलबेस २४५० मिमी, त्यामुळे १००० मिमी चढली तर साधारण ४०८. दुसऱ्या गाडीशी तुलना करण्यापेक्षा स्वतःच्याच गाडीचा आधीचा-नंतरचा आकडा कामाचा.

लिंक काढताना एक गोष्ट सांभाळा. गोळा-सांध्याची लिंक असेल तर नट फिरवताना आतला खिळाही सोबत फिरतो. त्याच्या टोकाला ॲलन कीची खाच किंवा मागे सपाट जागा असते. ती धरूनच नट सोडवा, नाहीतर आतला सांधा घासतो आणि आठवड्याभरात स्पीडब्रेकरवर टक-टक सुरू होते. परत बसवताना कंपनीच्या मॅन्युअलमधलाच टॉर्क द्या. तो हाताशी नसेल तर ८.८ ग्रेडच्या एम१० नटबोल्टला ४५–५० न्यूटन-मीटर आणि एम१२ ला सुमारे ८० हा नेहमीचा अंदाज. लिंकला रबरी बुश असतील तर शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असतानाच करायचं. जॅकवर आवळलं तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

---

घाटमाथा

रस्त्यावर सुटा का नको, ते जरा खोलात.

वळणावर गाडी कलते तेव्हा आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो पुढच्या जोडीने किती घ्यायचा आणि मागच्या जोडीने किती, हे पुढच्या-मागच्या सस्पेन्शनच्या कलण्याविरुद्धच्या ताठपणावर ठरतं. कंपन्या पुढची बाजू मुद्दाम ताठ ठेवतात. त्यामुळे वेग जास्त झाला की पुढची चाकं आधी पकड सोडतात, गाडी वळणाच्या बाहेर सरकते आणि साध्या चालकालाही ती ब्रेक मारून सावरता येते. पुढचा बार सोडला की हाच वाटा मागे जातो. घाटात समोरून बस आली आणि तुम्ही झटकन स्टिअरिंग मारलंत, तर आता आधी सुटणार ते मागचं टोक. उंच, आखूड व्हीलबेसच्या गाडीला याहून वाईट दुसरं काही नाही. ईएसपीचं (घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचं) गणितही बार जोडलेला आहे असं धरूनच बसवलेलं असतं.

बारची जाडी किती महत्त्वाची हेही लक्षात घ्या. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. बार १० टक्के जाड केला की ताठपणा सुमारे ४६ टक्के वाढतो. ‘रस्त्यावर कलू नये’ म्हणून बाजारातला जाड बार टाकणाऱ्यांनी ट्रेलवर काय हरवणार आहे याचा हिशेब आधी करावा.

ट्रेलवरही बार सगळीकडे सोडायचा नसतो. एका बाजूला उतार असलेल्या वाटेवरून आडवं जायचं असेल तर बार जोडलेला हवा. सुटा असेल तर बॉडी दरीकडे जास्त झुकते, वजनाचा मध्य खालच्या चाकांकडे सरकतो आणि उलटण्याचा कोन लवकर गाठला जातो. पावसाळ्यात आपल्याकडच्या लाल मातीच्या आडव्या वाटा निसरड्या असतात, त्यात ही भर नको. वाळूत आणि जरा वेगाच्या कच्च्या रस्त्यावरही बार जोडलेलाच बरा. सोडायची जागा म्हणजे हळू, पिळवटलेली, दगडांची वाट.

आणि पुढचा-मागचा दोन्ही बार एकदम कधीही सोडू नका. मग बॉडीला धरून ठेवायला फक्त स्प्रिंग उरतात.

---

जांभा

@पाना_सतरा, बाकी सगळं मान्य, पण स्वतंत्र सस्पेन्शनला डिस्कनेक्टचा उपयोग नाही असा अर्थ लोक काढतील म्हणून लिहितो. २०२१ च्या फोर्ड ब्रॉंकोला पुढे स्वतंत्रच सस्पेन्शन आहे आणि तिला कंपनीकडून हायड्रॉलिक डिस्कनेक्ट मिळतो. गाडी पिळलेल्या अवस्थेत, बारवर ताण असतानाही तो सुटतो. उपयोग नसता तर त्यांनी तो दिलाच नसता.

थारमध्येही पुढचा बार सुटला की फायदा मागे दिसतो. पुढची बाजू ताठ असल्यामुळे बॉडी पुढच्या चाकांच्या मागे-मागे झुकते आणि सगळी पिळवणूक एकट्या मागच्या ॲक्सलला सहन करावी लागते. त्याची हालचाल संपली की मागचं चाक उचलतं. पुढची बाजू सैल केली की काम वाटलं जातं आणि मागचं चाक जमिनीवर जास्त वेळ टिकतं. चाकांवरचं वजन सारखं राहणं हाही फायदाच आहे, चाक किती मिमी लटकलं एवढाच नाही.

---

पाना_सतरा

@जांभा, बरोबर, हा मुद्दा हवाच होता. म्हणूनच चारही चाकांची मापं घ्यायला सांगितली, फक्त पुढची नाही. ब्रॉंकोचे आर्म आणि शॉकअप मात्र मुळातच लांब हालचालीसाठी केलेले आहेत. थारवर स्पेसर टाकून लटकण्याची जागाच खाल्ली असेल तर ती तुलना टिकत नाही.

---

तीनलिंक

जिम्नीवाल्यांनीही हा धागा वाचला असेल, त्यांच्यासाठी. जिम्नीला पुढे-मागे अखंड ॲक्सल आहेत म्हणून रॅंग्लरइतका फरक पडेल असं समजू नका. तिचं थ्री-लिंक म्हणजे प्रत्येक बाजूला एक लांब आर्म, जो ॲक्सलला दोन बुशांनी घट्ट धरलेला असतो, आणि ॲक्सल बाजूला सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की हे दोन आर्म ॲक्सलच्या नळीलाच पिळायला बघतात. म्हणजे ॲक्सल स्वतःच अँटी-रोल बारचं काम करतो आणि ती पिळवणूक त्या बुशांनाच सोसावी लागते. पुढचा बार सोडून थोडा फरक पडतो, पण पुढचा अडसर बुशांचा आहे. तिथे कडक पॉलियुरेथेन बुश टाकले तर रस्त्यावर गाडी घट्ट वाटते आणि ट्रेलवर आहे तेवढीही लवचीकता जाते. ट्रेलसाठी मूळ रबर चांगलं. पॉलियुरेथेन टाकलेच तर सिलिकॉन ग्रीस लावा. रबराला साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं.

---

डाना_चव्वेचाळीस

ज्यांच्या गाडीला अखंड पुढचा ॲक्सल आहे आणि हाताने सोडायच्या लिंक लावायच्या आहेत, त्यांना क्रमाने सांगतो.

लिंकची लांबी आधी. गाडी सपाटीवर उभी असताना बारचे हात जवळपास आडवे हवेत. ५० मिमी लिफ्ट केली असेल आणि लिंक थेट ॲक्सलला लागत असेल तर लिंकही ५० मिमीच्या आसपास लांब हवी. (स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये लिंक आर्मच्या मध्ये कुठे तरी लागते. आर्मच्या लांबीच्या ६० टक्क्यांवर लागत असेल तर ५० मिमीला ३० मिमी पुरे.) लिंक आखूड राहिली तर बारचा हात खाली ओढला जातो आणि चाक पूर्ण लटकल्यावर हात-लिंक एका सरळ रेषेत येतात. मग बार उलटा पलटतो. तसा पलटला की लिंक वाकते किंवा बारचं टोक कॉइलला घासतं.

पहिल्यांदा बसवल्यावर, ट्रेलला नेण्याआधी, बार सोडून एक चाक पूर्ण वर आणि दुसरं पूर्ण खाली अशा अवस्थेत गाडी उभी करा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा आणि प्रत्येक वेळी खाली वाकून बघा. ब्रेकच्या रबरी पाइपला निदान २०–२५ मिमी सैलपणा उरलाय का? एबीएसची वायर ताणली जातेय का? कॉइल जागेवरून सुटतेय का? ड्राइव्ह शाफ्टचा सांधा अडतोय का? वर गेलेला टायर मडगार्डला किंवा बारला लागतोय का? बार सुटल्यावर चाकाला खाली अडवणारा शॉकअपच उरतो. तो प्रत्येक खड्ड्यात शेवटपर्यंत ताणून आदळत असेल तर काही दिवसांत त्याचं आयलेट तुटतं नाहीतर चेसिसवरचा ब्रॅकेट फाटतो. लिमिट स्ट्रॅप (चाक जास्त लटकू न देणारा पट्टा) लावा किंवा योग्य लांबीचा शॉकअप घ्या. वरच्या बाजूला, शॉकअप पूर्ण दाबला जाण्याआधी १२–२० मिमी राहतील तेव्हा बंप स्टॉप (धक्का झेलणारं रबर) लागला पाहिजे.

वाटेवर सोडताना जागा सपाट निवडा. हँडब्रेक, चाकांना दगड. एका बाजूची आर-क्लिप काढा, खालचं टोक पिनवरून ओढा, लिंक वर फिरवून चेसिसवरच्या साठवणीच्या पिनवर अडकवा, क्लिप परत लावा. मग दुसरी बाजू. पिन हलत नसेल तर बारवर ताण आहे. हातोडी मारू नका. गाडी हातभर पुढे-मागे घ्या किंवा एकाला बंपरवर उभं राहून गाडी हलवायला सांगा, ताण गेला की पिन बोटांनी निघते. जोडतानाही तेच. भोक १०–१५ मिमी चुकत असेल तर बारचा हात रॅचेट पट्ट्याने ओढून जागेवर आणता येतो. चिखल वायर ब्रशने काढून पिनवर ग्रीसचा पातळ थर द्या. क्लिप पातळ वायरने लिंकलाच बांधून ठेवा, चिखलात पडलेली क्लिप सापडत नाही. दोन जादा क्लिप डॅशबोर्डमध्ये असू द्या.

जोडून झाल्यावर शंभरेक मीटर हळू चालवा, मग उतरून दोन्ही बाजू हाताने हलवून बघा. एका बाजूची क्लिप राहून गेली तर लिंक हायवेवर सुटते.

---

खडकवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. मापं घेतली, मिमीमध्ये देतो. सपाटीच्या तुलनेत डावं पुढचं चाक बार जोडलेला असताना ३८ खाली गेलं, बार काढल्यावर ४६. स्टँडवर मोकळं लटकवलं तर ५०. उजवं मागचं चाक बार काढल्यावर पूर्वीपेक्षा जरा उशिरा उचललं, रॅम्पवर साधारण ७० मिमी जास्त चढल्यावर. म्हणजे अडसर स्पेसरचाच ना?

---

पाना_सतरा

हो. ५० पैकी ४६ वापरले गेले म्हणजे बार सुटल्यावर चाक शॉकअपच्या टोकालाच जाऊन थांबतंय. आठ मिमीसाठी लिंक घेऊ नका.

आधी स्पेसर काढा किंवा तेवढ्याच लिफ्टसाठी केलेले लांब शॉकअप आणि स्प्रिंग घ्या. लांब शॉकअप घेताना वरच्या विशबोनचा बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा तेवढा कोन घेतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. नुसते स्पेसर काढले तरी पुढे साधारण ४० मिमी लटकण्याची जागा परत मिळते. त्यानंतर पुन्हा मोजलंत आणि बार काढून ३० मिमीपेक्षा जास्त फरक आला तर डिस्कनेक्टला अर्थ आहे.

दरम्यान फुकटातला उपाय: ट्रेलच्या तोंडाशी टायर १८–२० पीएसआयवर आणा. बीडलॉक (टायर रिमला आवळून धरणारी कडी) नसताना १५ च्या खाली जाऊ नका, टायर रिमवरून उतरतो. दगडावर टायर जितका पसरतो तितकी पकड वाढते, आणि हलक्या झालेल्या चाकालाही ती मिळते. परतताना डांबर लागण्याआधी हवा भरा, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर सोबत ठेवा.

मागच्या लॉकचा झटका कमी करता येतो. ते मेकॅनिकल लॉक दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की लागतं. म्हणजे चाक थोडं फिरू द्यावंच लागतं. चाक फिरायला लागताच लोक घाबरून पाय काढतात आणि लॉक लागण्याआधीच फरक संपतो, किंवा जोरात पाय देतात आणि लॉक धाडकन लागतं. ४एलमध्ये (चारही चाकांना ताकद, हळू गिअर) पहिल्या गिअरला पाय स्थिर ठेवा, लॉक शांतपणे लागतं.

---

घाटमाथा

एक कागदोपत्री गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरशी आधी बोला, आणि मूळ लिंक, नटबोल्ट फेकू नका.

---

डाना_चव्वेचाळीस

रुबिकॉनच्या दिव्याबद्दल राहिलंच होतं. तिचा पुढचा बार मध्ये दोन तुकड्यांत आहे आणि दात असलेली कपलिंग मोटरने सरकवून ते जोडले-सोडले जातात. दिवा लुकलुकतो म्हणजे काम अर्धवट आहे. बहुतेक वेळा डावी-उजवी बाजू वेगळ्या उंचीवर असल्यामुळे दात अडकलेले असतात. सपाटीवर आणून गाडी बाजूंना हलवली की पूर्ण होतं. ४एच किंवा ४एलमध्ये आहे ना ते आधी बघा, २एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) बटण चालत नाही. वेग ताशी २९ किमीच्या वर गेला की बार आपोआप जोडला जातो आणि २२ च्या खाली आल्यावर परत सुटू बघतो, त्या दरम्यान दिवा लुकलुकणं हा बिघाड नाही.

सपाटीवर, गाडी हलवूनही लुकलुकत राहिला तर पाण्याचा संशय घ्या. मोटरचं घर पुढे खाली असतं, ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांत तिथे पाणी आणि चिखल शिरतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, मोटरचा कनेक्टर उघडा. हिरवट पिना दिसल्या तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, कोरड्या करा, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून बंद करा. कनेक्टरचं रबरी सील चिरलं असेल तर बदला. त्यानेही दिवा थांबला नाही तर मोटर आतून गंजलेली असू शकते. मग स्कॅनर लावून कोड वाचून घ्यायचा. आणि बार नक्की जोडलेला आहे याची खात्री होईपर्यंत मित्राला ती गाडी घाटात नेऊ देऊ नका. खात्री करायची सोपी पद्धत: सपाटीवर एक पुढचं चाक चेसिसला जॅक न लावता ॲक्सलखालून १०० मिमी उचला आणि बारच्या दोन्ही हातांकडे बघा. दोन्ही हात एकत्र फिरायला बघत असतील, बॉडीही त्या बाजूने वर ढकलली जात असेल तर जोडलेला आहे. एकच हात फिरला आणि दुसरा जागचा हलला नाही तर सुटा आहे.